ताप असला तरी या, असं आपणच सांगितलं: आमच्या गावातल्या न्याहारी-निवास चालकांना खुलं पत्र

प्रति,
गावातील सर्व हॉटेल, लॉज आणि न्याहारी-निवास चालक,
तसेच सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य यांस,

स. न. वि. वि.

२९ डिसेंबरच्या रात्री साडेदहाला आपल्या व्यावसायिकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. "कुणी फोन करून विचारलं तर गावात साथ वगैरे काही नाही म्हणून सांगायचं. सर्दी-खोकला सगळीकडेच आहे. थर्टी फर्स्ट तोंडावर आहे, सगळ्यांनी एकच उत्तर द्या." सकाळपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यातला एक अंगठा माझा होता.

दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून एका ताईंचा फोन आला. बरोबर सासूबाई येणार होत्या, वय ७२, जुना दमा. ताईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "तुमच्याकडे तापाची साथ आहे असं ऐकलं. आईंना आणू की नको?" मी म्हटलं, "छे हो, तसं काही नाही. निर्धास्त या." त्या आल्या, दोन रात्री राहिल्या, सासूबाई संध्याकाळी आगरात खुर्ची टाकून बसल्या, जाताना कोकमं घेऊन गेल्या. त्यांची गाडी पाखाडीपाशी वळली तेव्हापासून माझं मन लागलेलं नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपण कोण ते आपल्याला माहीत आहे, आणि बाकी किनाऱ्यावर जिथं जिथं घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात, तिथंही हे वाचलं जावं असं मला वाटतं.

आधी काय झालं ते सरळ मांडते. नाताळच्या आठवड्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीवरची दोन पोरं तापानं झोपली. मग बाजारपेठेतली दोन घरं. मग एकेका घरातले सगळेच. आरोग्य केंद्राची ओपीडी एरवी बाराला उरकायची, ती तीनपर्यंत चालायला लागली. काही जणांच्या घशातले नमुने पुढं पाठवले गेले आणि उत्तर आलं, इन्फ्लुएंझा ए, एच-वन-एन-वन. २००९ साली ज्याला आपण स्वाईन फ्लू म्हणत होतो तोच हा. २०१० च्या ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती महामारी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू कुठं गेला नाही. दरवर्षीच्या फ्लूमधला एक होऊन तो आपल्यातच राहिला. आपल्या देशात फ्लूला साधारण दोन भरत्या येतात, एक पावसाळ्यात आणि त्याच्या सरतीला, दुसरी जानेवारी ते मार्च. म्हणजे एक गणपतीच्या तोंडावर आणि दुसरी आपला हंगाम चालू असताना. हे काही अघटित नव्हतं. पण "स्वाईन फ्लू" हे नाव बाजारात फुटलं आणि गाव बावचळलं.

पहिल्यांदा कोंबडीवाल्याचं दुकान ओस पडलं. का, तर कुणीतरी बर्ड फ्लूचा जुना फोटो फिरवला. बर्ड फ्लू वेगळा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला तो आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि ज्यांच्या कोंबड्यांना काहीही झालं नव्हतं असे राज्यभरातले पोल्ट्रीवालेही त्या वर्षी बुडाले. तेव्हासुद्धा नीट शिजवलेल्या कोंबडीतून कुणाला काही होत नव्हतं, ७० अंशांच्या वर तो विषाणू टिकत नाही. आत्ताची साथ तर माणसाकडून माणसाकडे जाणारी. कोंबडीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तरी लोकांनी कोंबडी सोडली, आणि दुसऱ्या दिवशी मासळीही सोडली. दारावर येणाऱ्या कोळणीच्या टोपलीतले बांगडे तसेच परत गेले. सुरमईला फ्लू होत नाही हे त्या बाईनं किती जणांना सांगायचं?

मग ग्रामपंचायतीनं फॉगिंगचं मशीन काढलं. दोन संध्याकाळी बाजारपेठेत धूर झाला, फोटो निघाले. सरपंच, राग मानू नका, पण तो धूर डासांसाठी असतो. डेंग्यू-हिवतापाला त्याचा थोडाफार उपयोग. फ्लू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो, तुषार पडलेल्या नळाला, कडीला, टीव्हीच्या रिमोटला हात लागून तोच हात नाकातोंडाला गेला की पसरतो. स्टील-प्लास्टिकवर तो दिवस-दोन दिवस तग धरू शकतो, कापडावर काही तास. त्याला साबण पुरतो. त्या दोन संध्याकाळच्या डिझेलच्या पैशात शाळेच्या आणि एसटी स्टँडच्या नळावर साबण ठेवता आला असता. घरोघरी कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्याही आल्या. माझा भाऊ २००९ मध्ये पुण्यात होता, तेव्हा तिथं प्रत्येकाच्या खिशात हीच पुरचुंडी होती आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा होत्या. कापराचा वास घेतला म्हणून कुणाचं वाईट होत नाही. पण पुरचुंडी जवळ आहे म्हणून माणूस खोकत लग्नाला जातो, ते वाईट.

हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आपण होतो, गप्प बसलेले. बाजारपेठेत लोक नको इतकं घाबरत होते आणि आपण पाहुण्यांसमोर काही घडलंच नाही असं वागत होतो. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर.

त्यात सर्वांत मोठी चूक कोणती झाली, तर आपल्यातले चार जण आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना भेटले. कोण ते मी लिहिणार नाही. विनंती अशी की आकडे वर पाठवताना जरा सांभाळून घ्या, गावाची बदनामी होते. डॉक्टर तरुण आहेत, त्यांची पहिलीच नेमणूक. त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू झाली की या डॉक्टरला गावाबद्दल आस्था नाही.

आस्था म्हणजे काय असते? एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून देशभर चालतो. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेपासून जिल्ह्यापर्यंत तापाच्या रुग्णांची नोंद वर जाते, ती यासाठी की कुठं नेहमीपेक्षा जास्त ताप दिसतोय हे वेळेत कळावं. त्यात पर्यटन गाव आहे की नाही असा रकाना नसतो. ती नोंद गेली म्हणून आपल्या केंद्रात ऑसेल्टामिवीरच्या, म्हणजे फ्लूवरच्या औषधाच्या, गोळ्या वाढवून आल्या. ती नोंद गेली म्हणून आशाताई घरोघर फिरून गरोदर बायका, दमेकरी, मधुमेहाची माणसं आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांच्या याद्या करू शकल्या. फ्लू बहुतेकांना चार-पाच दिवस झोपवतो आणि सोडतो, त्यांना तपासणीचीही गरज नसते, पाणी, आराम आणि पॅरासिटामॉल पुरतं. पण या यादीतल्यांना तो छातीत उतरू शकतो. त्यांना गोळी पहिल्या ४८ तासांत मिळाली तर तिचा खरा उपयोग. ज्या नोंदीची आपल्याला लाज वाटत होती, तिनंच आपली माणसं वाचवली. (जाता जाता: "सुई मारा, सलाईन लावा" म्हणून डॉक्टरांशी भांडणंही थांबवू या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि सलाईननं फ्लू लवकर बरा होत नाही.)

आता तुमची भीती. ती मला परकी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारात आडव्या झाल्या. आधीच लॉकडाऊन, त्यात छपरावरची कौलं गेलेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. पोफळ लावल्यावर धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणून तर आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्यानंतर कर्ज काढून खोल्या बांधल्या. आगर गेलं, आता पाहुणेच आगर. बँकेचा हप्ता दर महिन्याला, आणि पाहुणे मात्र नाताळ, थर्टी फर्स्ट, २६ जानेवारीची जोडून सुट्टी, शिमगा आणि मे. थर्टी फर्स्टच्या तीन रात्री गेल्या म्हणजे काय जातं हे मला कुणी शिकवू नये आणि मीही तुम्हाला शिकवत नाही.

आणि नाव चिकटतं, हेही खरं. १९१८ च्या फ्लूला जग स्पॅनिश फ्लू म्हणतं. तो स्पेनमध्ये जन्मला म्हणून नाही. महायुद्धात उतरलेल्या देशांनी आपल्या वर्तमानपत्रांची तोंडं बांधली होती, स्पेन तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांनी राजा आल्फोन्सोच्या आजारपणासकट सगळं छापलं. ज्यानं सांगितलं त्याच्याच कपाळी नाव आलं. तुम्ही मला हेच म्हणाल, बघा, सांगणारा बुडतो. हा मुद्दा मी बरेच दिवस मनात घोळवला. पण त्याच साली जूनमध्ये तो फ्लू मुंबईच्या गोदीत उतरला, रेल्वेनं देशभर गेला आणि आपल्याकडे एक कोटीहून जास्त माणसं नेली. आपल्या आज्या-पणज्या "मानमोडीच्या साली" म्हणायच्या ते हेच साल. त्यांच्या तोंडी स्पेन नव्हता. त्यांच्या तोंडी असायचं ते घरातून कोण गेलं ते.

उलट दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. सप्टेंबर १९९४, सुरतेचा प्लेग. लाखो लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडून पळाले, परदेशांनी विमानं थांबवली. त्या वेळी सुरत म्हणजे प्लेग असंच समीकरण झालं होतं. पुढच्या वर्षी महापालिका आयुक्त म्हणून एस. आर. राव आले आणि त्यांनी दीड-दोन वर्षांत शहराची घाण अशी उपसली की देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचं नाव घेतलं जाऊ लागलं. आज सुरतेला कापड घ्यायला जाणारा कुणी प्लेगची चौकशी करत नाही. नाव पुसलं गेलं ते लपवल्यामुळे पुसलं गेलं नाही.

पण मला ज्यासाठी लिहायला बसावं लागलं ते अजून पुढंच आहे.

माझ्याकडे सहा वर्षं कामाला येणाऱ्या एक मावशी आहेत. सकाळी माझ्या तीन खोल्या, मग शेजारच्या लॉजच्या आठ. चादरी, उशांचे अभ्रे, संडास-बाथरूम, आणि नाश्त्याला घावणे. रोजावर. आल्या तर पैसे, नाही आल्या तर नाहीत. ३० डिसेंबरला त्या तोंडाला पदर बांधून आल्या. हाताला हात लागला, चटका बसावा असा ताप. मी म्हटलं, घरी जा. त्या म्हणाल्या, "काय नाय वयनी, जराशी कसर हाय अंगात. गोळी घेतली की उतरंल." तीन खोल्या भरलेल्या होत्या, सकाळी आठला अकरा माणसांचा नाश्ता होता. मी त्यांना गोळी दिली, चहा दिला, आणि बिड्याच्या तव्यापुढं बसवलं. पुन्हा सांगते, मी बसवलं. त्यांच्या हातचे घावणे अकरा जणांनी खाल्ले. घावण्यातून काही झालं नसेल, पण त्या वाढायला गेल्या, खोकल्या, तिथली लहान मुलं त्यांच्या पदराशी खेळली.

मावशींची सून सात महिन्यांची गरोदर. २ तारखेला तिला ताप, ४ तारखेला धाप. आशाताईंच्या यादीत नाव होतं म्हणून १०८ ची गाडी वेळेत बोलावली गेली, उपजिल्हा रुग्णालयात आठ दिवस राहिली, ऑक्सिजन लागला. आता घरी आहे, पोटातलं बाळ व्यवस्थित आहे. मी देवापुढं नारळ ठेवला.

आणि ती रुग्णालयात असताना आपण काय केलं? तापात मावशींना कामावर येऊ देणाऱ्या दोन्ही घरांपैकी एकानं त्यांना निरोप पाठवला की आता महिनाभर येऊ नका, तुमच्या घरात साथ आहे. मग कुणीतरी म्हणालं, त्यांच्या वाडीतूनच पसरली. दोन दिवसांत ती "त्या वाडीची साथ" झाली. त्या वाडीतल्या बायका आपल्या सगळ्यांच्या खोल्या झाडतात. पाहुण्यांच्या चादरी कुणी झटकल्या? त्यांची खरकटी भांडी, टाकलेले टिश्यूपेपर कुणी उचलले? साथ वाडीतून रस्त्यावर आली नाही, रस्त्यावरून वाडीत गेली असेल तर तीच शक्यता जास्त. पण ते शोधूनही काय करायचं आहे? फ्लूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, आणि लक्षणांच्या एक दिवस आधीच माणूस तो दुसऱ्याला देऊ लागतो. कुणी कुणाला दिला हे देवही सांगू शकणार नाही.

२०२० आठवतं ना? गावाच्या वेशीवर झाडं आडवी टाकली होती आपण. मुंबईहून चालत, टेंपोत बसून आलेले चाकरमानी शाळेत ठेवले, आणि त्यांच्या आईबापांना भाकरी खिडकीतून द्यायला लावली. ज्यांच्या मनीऑर्डरींवर आपल्या देवळाचा सभामंडप उभा राहिला ती माणसं. नंतर गणपतीत सगळे एकत्र नाचलो, पण माझी नणंद त्यानंतर शिमग्याला आलेली नाही. साथ सरली तरी ती चौदा दिवसांची सल तिच्या मनातून सरलेली नाही. तसंच आता वाडीबाबत होईल.

मी ६ तारखेला साताऱ्याला फोन केला. सासूबाईंना घरी पोचल्यावर ताप आलाच होता. चार दिवस फार त्रास झाला, डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या म्हणून निभावलं. मी माफी मागितली. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतंत तर आम्ही फेब्रुवारीत आलो असतो. आईंना तुमचं घर आवडलं होतं."

फेब्रुवारीत आलो असतो. खोलीही भरली असती आणि मलाही तोंड लपवावं लागलं नसतं. मग मी त्यांना विचारलं, तुमच्यापैकी कुणाला निघतानाच बरं नव्हतं का? त्या म्हणाल्या, धाकट्या मुलाला आदल्या रात्री कणकण होती. पण ॲडव्हान्स भरलेला होता, आणि तुमच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. ताप अंगात घेऊन मावशी कामावर आल्या, कारण न येणाऱ्याला रोज नाही हा आपला नियम. ताप अंगात घेऊन ते पोर माझ्या खोलीत आलं, कारण न येणाऱ्याचे पैसे बुडतात हाही आपलाच नियम. साथ कुणी आणली म्हणून आपण गावभर बोटं दाखवत होतो. तिला आमंत्रण लिहून दिलं होतं आपण, ॲडव्हान्सच्या पावतीवर, छापील.

हे दोन नियम बदलायचे, एवढंच माझं मागणं आहे. बाकीचं सगळं त्यातून सुटतं.

मावशींच्या रजेचं आधी. ताप आला की कामाला यायचं नाही, आणि गोळी न घेता ताप उतरून पूर्ण दिवस जाईपर्यंत यायचं नाही. त्या दिवसांचा रोज आपण द्यायचा. परवडेल का, तर मी माझ्यापुरता हिशेब केला. दर खोलीमागे दर रात्री २० रुपये बाजूला टाकले, आणि माझ्या तीन खोल्या वर्षात शंभर रात्री भरल्या, तर ६,००० रुपये जमतात. ४०० रुपये रोजानं पाच दिवसांचे २,००० होतात. म्हणजे नुसत्या माझ्या घरातून तीन बायकांची आजारपणं निघतात. पाहुणा एका वेळच्या सोलकढीला या वीस रुपयांपेक्षा जास्त देतो. सगळ्यांनी मिळून एकच निधी केला तर लहान घरांवर बोजाही येणार नाही, आणि एक बाई दोन ठिकाणी काम करत असेल तर रोज कुणी द्यायचा हा वादही राहणार नाही. त्या दिवसांत चादरी पाहुण्यांच्या हाती द्याव्या लागल्या तर देऊ. मी ८ तारखेपासून देते आहे. कारण सांगितलं की एकही पाहुणा नाही म्हणाला नाही.

ॲडव्हान्सचं दुसरं. घरातल्या कुणाला ताप असेल तर तारीख बदलून मिळेल, पैसे कापले जाणार नाहीत, अशी एक ओळ सगळ्यांनी आपल्या मेसेजमध्ये घालू या. काही जण याचा गैरफायदा घेतील. घेऊ देत. खोटं बोलून तारीख बदलणाऱ्यापेक्षा खरं दाबून खोकत येणारा आपल्याला महाग पडतो, हे या महिन्यात पाहिलं आपण. एकट्यानं केलं तर मार खाऊ, सगळ्यांनी केलं तर ती गावाची पद्धत होईल.

आणि फोनवर काय बोलायचं. पुन्हा "एकच उत्तर" ठरवायचं असेल तर हे ठरवू या: "गावात सध्या फ्लूचे रुग्ण आहेत, आरोग्य केंद्रात औषध आहे. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान बाळ किंवा दमा-मधुमेहाचं कुणी असेल तर महिनाभर थांबा, तारीख बदलून देतो. तुम्ही सगळे ठणठणीत असाल तर या, नाश्ता बाहेर खळ्यात वाढतो, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवतो." गेल्या आठवड्यात मी हे सात जणांना सांगितलं. चौघं आले, दोघांनी तारीख पुढं नेली, एकानं रद्द केलं. तीन खोल्यांच्या घराला एवढं झेपतं. खिडक्यांचं मात्र मनावर घ्या. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत सहा माणसं झोपली तर एकाचा खोकला सहांचा होतो, आणि समुद्राचा वारा आपल्याला फुकट मिळालेला आहे.

सरपंच, तुमच्याकडे एक काम. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे दरवर्षी दहा हजारांपर्यंत अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी येतो. त्यातून साबण, मास्क आणि केंद्राच्या बाहेर रांगेसाठी मांडव होईल. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि टोचल्यावर अंगात बळ यायला साधारण दोन आठवडे जातात. खोल्या झाडणाऱ्या बायकांपैकी गरोदर कोण, साखर-रक्तदाबाच्या कोण, आणि त्यांच्यासाठी सरकारी लस मिळते का, हे डॉक्टरांना आत्ताच लेखी विचारा. मार्चमध्ये शिमगा आहे. पालखी घरोघर जाईल, मुंबईकर येतील, प्रत्येक उंबऱ्यावर ओटी भरायला गर्दी होईल. आजपासून मोजलं तर हाताशी वेळ आहे, फेब्रुवारीच्या शेवटी जागे झालो तर नाही.

आणि डॉक्टरांना भेटायला जे चार जण गेले होते, त्यांनी पुन्हा एकदा जावं. या वेळी चहा त्यांनी पाजावा.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. रजेचा आणि ॲडव्हान्सचा, असे दोन ठराव मी लिहून ग्रामसेवकांकडे दिले आहेत. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा रिकामी आहे. आपल्यापैकी कुणीही ती भरावी. सभेला मी मावशींना बरोबर घेऊन येणार आहे. त्या येतो म्हणाल्या आहेत, फक्त त्यांनी विचारलं, त्या दिवशी सकाळच्या खोल्यांचं काय. मी म्हटलं, त्या दिवसाचा रोज धरलाय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
आगरातल्या तीन खोल्यांची मालकीण